तारीख कशाची आहे, तेवढं सांगा

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी आणि सीमाभागातल्या इतर तालुक्यांत दिवाणी दावे चालवणारी सर्व वकील मंडळी

स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावी, कोर्टाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. बारा-तेरा वर्षं झाली. तुमच्यासारख्या कित्येकांचे दावे, अर्ज, शपथपत्रं माझ्या हातांखालून गेली आहेत. कारकून मंडळी तर रोजचीच. तेव्हा हे पत्र परक्या माणसाचं समजू नका.

सकाळी साडेनऊच्या सुमारास खेड्यांकडच्या गाड्या येतात. माणसं उतरतात, हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, पिशवीत उतारे, जुनी खरेदीखतं, एखादा मोडीतला कागद चार घड्या घालून ठेवलेला. दुकानाच्या पायरीवर टेकतात आणि पिशवीतला एखादा कागद पुढे करतात. "अक्का, ह्यात काय लिवलंय, वाचून सांगा की." मी वाचून सांगते. मग विचारते, "आज तारीख कशाची हाय?"

"कोर्टाची."

"तसं नव्हे. आज कोर्टात काय होणार हाय?"

नवराबायको एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. "वकीलसाहेबांनी या म्हणून सांगितलंय, म्हणून आलो."

हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकवत नाही. सहा-सहा, आठ-आठ वर्षं दावा चाललेली माणसं हेच सांगतात. तारखेचा दिवस त्यांना बरोबर माहीत असतो. रोजगार बुडवून, गुरं शेजाऱ्यांवर सोपवून ती वेळेवर येतात. त्या दिवशी समन्स बजावल्याचा अहवाल बघायचा आहे, कैफियत म्हणजे दाव्याला लेखी उत्तर द्यायचं आहे, मुद्दे निघणार आहेत, साक्ष आहे की निकाल, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. माझं मागणं तेवढंच आहे. तारीख देताना ती कशाची आहे हेही पक्षकाराला त्याच्या भाषेत सांगा. जमलं तर लिहून द्या.

हे मी का मागते, त्याला आमच्या घरची गोष्ट कारण आहे.

२००९ च्या पावसाळ्यात आमच्याकडे समन्स आलं. चुलत काकांनी वाटपाचा दावा घातला होता. वडील शेतात रोप लावत होते. बेलीफ बांधावर उभा राहिला, सही करा म्हणाला. वडिलांचं शिक्षण मराठी चौथी. कन्नड बोलायचे झकास, बाजारात कुणाला हार जायचे नाहीत, पण वाचता येत नव्हतं. त्यांना वाटलं मोजणीची नोटीस असेल. चिखलाच्या हातानं मराठीत सही केली, कागदांचा गठ्ठा घरी आणला आणि देवाच्या फळीवर रेशन कार्डाखाली ठेवून दिला. गठ्ठ्यात दाव्याची अख्खी नक्कल होती. समन्सबरोबर ती द्यावीच लागते, हे मला पुढे कळलं.

कुणी गेलं नाही. कोर्टानं वाट बघितली, पुकारा झाला आणि दावा एकतर्फी चालला. २०११ साली दुसरी नोटीस आली, तेव्हा मी घरी होते. कन्नड मी शाळेत शिकलेली. वाचता वाचता पाय गार पडले. निकाल होऊन गेला होता, आणि नोटीस होती ती जमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पाडायच्या कामाची.

समन्स म्हणजे काय, एवढं जरी त्या बांधावर कुणी मराठीत सांगितलं असतं! तुम्हाला हे पाठ आहे, पण हे पत्र तुमचे पक्षकारही वाचतील, म्हणून लिहिते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीनं आपली लेखी कैफियत द्यायची असते. कारण दाखवलं तर कोर्ट ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. साध्या दिवाणी दाव्यात त्यानंतरही सबळ कारण असलं तर कोर्ट कैफियत घेऊ शकतं, पण त्यावर विसंबून बसणं म्हणजे पुराच्या पाण्यात उभं राहून नावेची वाट बघणं. आणि आमच्याकडे एक खुळी समजूत आहे, की समन्स घेतलंच नाही तर केस लागत नाही. असं काही नाही. तुम्ही घरी नसलात तर घरातल्या मोठ्या माणसाला ते देता येतं. घेतलं नाही तर दाराला चिकटवता येतं. दोन्ही गोष्टी बजावणीतच धरल्या जातात. ज्यांनी "घेऊ नकोस, परत पाठव" असा सल्ला दिला, ते तारखेला बरोबर येत नाहीत.

एकतर्फी निकाल रद्द करून घ्यायला कायद्यात वाट आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ९, नियम १३. निकालापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. समन्स नीट बजावलेलंच नसेल तर निकाल कळल्यापासून ३० दिवस. आमची अडचण अशी, की समन्स नीट बजावलेलं होतं. कोर्टाच्या फायलीतून मी त्याची नक्कल काढली, तर मागच्या बाजूला वडिलांची सही आणि सहीशेजारी अंगठ्याएवढा काळा डाग. तो चिखल होता. नकलेतही उमटला होता. "मला वाचता आलं नाही" हे त्या डागापुढे फार लंगडं कारण होतं. उशीर माफ करण्याचा अर्ज वेगळा द्यावा लागला. त्यावर म्हणणं, त्यावर साक्ष, त्यावर युक्तिवाद. दोन वर्षांनी कोर्टानं आमचं ऐकलं, आम्हाला समोरच्या पक्षाचा खर्च भरायला लावला आणि निकाल रद्द केला. दोन वर्षं आणि वर खर्च भरून आम्ही पोचलो कुठे, तर २००९ च्या पावसाळ्यात वडील ज्या बांधावर उभे होते तिथे.

आमचे वकील चांगले होते, हे आधी सांगते. एकही तारीख चुकवली नाही, फीसाठी कधी अडवलं नाही. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, कारण चूक त्यांच्या एकट्याची नव्हती. आपल्याकडची रीतच तशी पडली आहे. वकिलानं दावा सांभाळायचा, पक्षकारानं तारीख सांभाळायची, आणि मधलं सगळं गप्प.

कैफियत गेली, मुद्दे निघाले. मुद्दे म्हणजे कोर्टानं ठरवलेले प्रश्न. जमीन एकत्र कुटुंबाची आहे हे वादीनं सिद्ध केलं का, आधी वाटणी झाली होती हे प्रतिवादीनं सिद्ध केलं का, असे. साऱ्या दाव्याचा हा कणा असतो, कारण पुढचा सगळा पुरावा ह्याच प्रश्नांभोवती फिरतो. कुठला मुद्दा कुणी सिद्ध करायचा हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. वडिलांना तो कागद शेवटपर्यंत कुणी दाखवला नाही. मीही मागितला नाही, कारण असा कागद असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

मग साक्ष आली. ती जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते आपल्या भागातली माणसं जिंकण्यासारखा दावा हरतात ती इथेच.

२००२ च्या दुरुस्तीपासून दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे साक्षीदाराची आपल्या बाजूनं होणारी पहिली साक्ष, शपथपत्रावर होतो. साक्षीदारानं तोंडी सांगायचं ते आधीच लिहून आणायचं. लिहितं कोण? तुमचं ऑफिस. कुठल्या भाषेत? कन्नडमध्ये, नाहीतर इंग्रजीत, कारण खालच्या कोर्टांचं काम आपल्याकडे त्या भाषांत चालतं. सही कोण करतं? ज्याला त्यातलं अक्षर लागत नाही तो. आमच्या वडिलांचं शपथपत्र मीच टाइप केलं होतं, माझ्याच दुकानात, आणि तरी ते त्यांना वाचून दाखवायचं मला सुचलं नाही. कारकून घाईत होता, वडील बाहेर उन्हात उभे होते, "इथं सही करा आबा" म्हटलं आणि त्यांनी केली. हे मी अजून विसरलेली नाही.

वडिलांनी वकिलांना काय सांगितलं होतं? की "धाकट्या भावाचं लगीन झालं त्या साली तोंडी वाटणी झाली, तवापासून आमचं आम्ही कसतो." वकिलांनी लग्नाची पत्रिका बघितली, साल काढलं आणि शपथपत्राच्या सातव्या परिच्छेदात लिहिलं, १९८२ साली तोंडी वाटणी झाली. कागदावर हेच बरोबर होतं. कोर्टाला साल लागतं.

उलटतपासाच्या दिवशी समोरच्या वकिलांनी पहिल्या पाचेक मिनिटांतच विचारलं, १९८२ साली वाटणी झाली म्हणता, ते खरं आहे का?

वडील म्हणाले, "ब्याऐंशीचं मला काय ठाऊक नाही."

ते खरंच बोलले होते. त्यांच्या डोक्यात ब्याऐंशी हा आकडाच नव्हता. तिथे लग्न होतं, मांडव होता, त्या वर्षीचं भाताचं पीक होतं. पण टाइपावर उमटलं ते असं, की १९८२ च्या वाटणीबद्दल मला माहिती नाही. शेवटी जबानीचा कागद पुढे आला, त्यांनी सही केली. त्यावर काय लिहिलंय हे त्यांना कुणी मराठीत सांगितलं नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, "मी खरंच बोललो की गं." आमच्या कैफियतीचा खांब होता तो, आणि तो घरच्याच माणसाच्या हातून निसटला.

आदेश १८, नियम ६. वकील मंडळींनो, हा नियम तुम्ही कॉलेजात वाचलेला असणार. साक्षीदार एका भाषेत बोलला, जबानी दुसऱ्या भाषेत लिहून घेतली आणि ती भाषा त्याला समजत नसेल, तर लिहिलेलं त्याला तो ज्या भाषेत बोलला त्या भाषेत समजावून सांगायचं. संहिता १९०८ ची आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ही ओळ लिहिली त्यांना ठाऊक होतं, की ह्या देशात साक्षीदाराची भाषा एक आणि कागदाची दुसरी असणार. आपल्या भागासाठीच लिहिल्यासारखा तो नियम आहे, आणि माझ्या पायरीवर बसणाऱ्यांपैकी एकालाही तो माहीत नाही. तुम्ही उभे राहून "साहेब, साक्षीदाराला मराठीत वाचून दाखवावं" एवढं म्हणालात तर त्यात कोर्टाचा अवमान नाही, न्यायाधीशांवर अविश्वास नाही आणि भाषेचं राजकारणही नाही. नियमच आहे.

भाषेचा विषय निघालाच आहे तर सांगते. कोर्टाची भाषा कुठली असावी हे ठरवायचा अधिकार संहितेच्या कलम १३७ नं राज्य सरकारला दिला आहे. त्या वादात मला ह्या पत्रात पडायचं नाही. सीमाप्रश्नावर माझंही मत आहे आणि ते तुमच्यातल्या अर्ध्यांना ठाऊक आहे. पण हे मागणं निराळं आहे. त्याला सरकारचा हुकूम लागत नाही, मोर्चा लागत नाही. तुम्हाला मराठी येतं, कन्नड येतं. कित्येकांना उर्दू आणि कोकणीही येतं. एकाच सकाळी तीन पक्षकारांशी तीन भाषांत बोलताना मी तुम्हाला ऐकलंय. देशात फार थोड्या ठिकाणच्या वकिलांना हे जमेल.

"सांगून त्यांना कळत नाही" असं मला दोघा-तिघांनी आधीच ऐकवलंय. त्यांना मी एवढंच विचारते, की आपल्या कट्ट्यांवर सीमाप्रश्नाच्या दाव्याची चर्चा तुम्ही कधी ऐकली नाही का? तोही दावाच आहे. महाराष्ट्रानं तो २००४ साली घटनेच्या कलम १३१ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. हा वाद ऐकायचा अधिकार कोर्टाला आहे की फक्त संसदेला, ह्यावर तिसरी शिकलेली म्हातारी माणसं इथे तास-तास बोलतात. दाव्यातला प्रश्न काय, पुढच्या तारखेला काय व्हायचंय, सगळं त्यांना ठाऊक असतं, कारण वर्तमानपत्रानं आणि पुढाऱ्यांनी ते त्यांना मराठीत सांगितलेलं असतं. त्याच माणसाला स्वतःच्या दहा गुंठ्यांचा दावा कुठल्या पायरीवर आहे ते सांगता येत नाही. ह्यात डोकं कमी पडतं असं मला वाटत नाही.

आता त्या बाईंची गोष्ट, जिच्यामुळे मी शेवटी हे पत्र लिहायला बसले. नाव-गाव लिहीत नाही. भावांविरुद्ध वाटणीचा दावा होता. तोवर लग्न न झालेल्या मुलीला मुलाइतकाच हक्क कर्नाटकानं १९९४ मध्येच दिला होता, २००५ मध्ये तो केंद्राच्या कायद्यात सगळ्याच मुलींसाठी आला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. बाईंच्या बाजूनं निकाल लागला. त्यांनी पेढे वाटले, मलाही आणून दिले. तीन वर्षांनी त्या परत आल्या. "अक्का, निकाल माझ्यासारखा झाला, पण भाऊ शेतात पाय ठेवू देत नाही. कोर्टाचं न ऐकायला त्याला कुणी सांगितलं?"

मी कागद बघितला. तो प्राथमिक हुकूमनामा होता. वाटपाच्या दाव्यात पहिल्या निकालानं फक्त हिस्सा किती ते ठरतं. कुठला तुकडा कुणाचा हे ठरायला अंतिम हुकूमनामा लागतो, आणि सरकारसारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष फाळणी संहितेच्या कलम ५४ प्रमाणे महसूल खात्याकडून व्हायची असते. त्यानंतर ताबा मिळेपर्यंतचं काम आणखी वेगळं. बाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. "जिंकलो" एवढंच सांगितलं होतं. तीन वर्षं त्या घरी बसून भावाला शाप देत होत्या आणि फाईल एका अर्जाची वाट बघत होती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, की प्राथमिक हुकूमनाम्यानंतर कोर्टानं आपण होऊन पुढची तारीख नेमावी, पक्षकाराला वेगळा अर्ज करायला लावू नये. फार चांगलं झालं. पण जुने निकाल गाठोड्यात बांधून बसलेल्या बाया आमच्या खेड्यांत किती असतील ते तुम्हीच आपापल्या कपाटांत बघा. निदान त्यांना एक फोन करा.

अपिलाचंही तसंच. जिल्हा कोर्टात जायचं तर ३० दिवस, हायकोर्टात ९०. निकालाची नक्कल मिळायला जेवढे दिवस लागतात ते त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज लगेच टाकायचा. धारवाडला २००८ मध्ये हायकोर्टाचं खंडपीठ सुरू झालं आणि २०१३ मध्ये ते कायम झालं, तेव्हापासून बेंगळूरची वारी वाचली. नाहीतर आमच्या लोकांना अपील म्हणजे रात्रभराचा प्रवास आणि लॉजचं भाडं असंच वाटायचं. पण मुदत उलटून गेल्यावर धारवाड जवळ असून काय उपयोग?

तुमची बाजूही मला दिसते. बोर्डावर ढीगभर दावे असतात, एका कोर्टातून दुसऱ्यात धावता, दुपारपर्यंत घोटभर चहा मिळत नाही. पुढच्या तारखेचा आकडा पोस्टकार्डाएवढ्या चिटोऱ्यावर लिहून कारकून पळतो, त्यातही कामचुकारपणा नसतो. आणि पक्षकारही विचारत नाही. विचारलं तर साहेबांना राग येईल, साहेबांवर भरवसा नाही असं वाटेल, ही भीती त्याला असते. मोठ्या माणसाला प्रश्न विचारू नये असं आम्हाला घरातच शिकवलंय. म्हणून सुरुवात तुमच्याकडून व्हायला हवी. तो विचारणार नाही.

गेलं वर्षभर मी दुकानात एक करते. कुणी तारखेचा चिटोरा घेऊन आलं की दाव्याचा सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक दाव्याला मिळणारा त्याचा स्वतःचा नंबर, विचारते. सोळा अक्षरं-आकड्यांचा तो नंबर कित्येकांना माहीतच नसतो, मग नावावरून शोधते. ई-कोर्टच्या ॲपवर दावा कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसतं. तारखेपुढे मी मराठीत लिहून देते. "मुद्दे निघायचे आहेत, तुम्ही आलाच पाहिजे असं नाही, वकिलांना विचारा." "कैफियतीची तारीख, उतारे आधी नेऊन द्या." "मनाई अर्जावर युक्तिवाद." "साक्ष. शपथपत्र आधी वाचून घ्या." मी चार ओळी लिहिते, पैसे घेत नाही. पण मी वकील नाही. चुकीचं लिहिलं तर एखाद्याचं घर बुडेल ह्या धास्तीनं प्रत्येक वेळी हात थबकतो. हे काम माझं नव्हे. ते तुमच्या हातचं आहे, आणि तुमच्या हातून ते अर्ध्या मिनिटात होईल.

काही ऑफिसांत हे होतं, तेही लिहायला हवं. बेळगावातल्या एक वकीलताई पक्षकाराच्या फाईलच्या पहिल्या पानावर मराठीत पायऱ्या लिहून ठेवतात आणि झालेल्या पायरीवर टिक करतात. त्यांची माणसं माझ्याकडे कागद घेऊन येतात, पण "काय लिवलंय" विचारायला येत नाहीत, झेरॉक्सला येतात. फरक डोळ्यांनी दिसतो. तीच माणसं तडजोडीलाही लवकर तयार होतात, असं माझं निरीक्षण आहे. आपण कुठे उभे आहोत, पुढे किती वाट उरली आहे, हे कळलं की माणूस हट्ट करावा की नाही ते स्वतः ठरवू शकतो. आमच्या वडिलांनी शेवटी २०१७ मध्ये लोकअदालतीत विहिरीकडची पट्टी सोडून समेट केला. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, हे मात्र त्या दिवशी त्यांना नीट मराठीत, दोनदा, सांगितलं गेलं. ते विचार करून "चालंल" म्हणाले आणि मग सही केली. साऱ्या आठ वर्षांत समजून केलेली त्यांची ती एकच सही.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठीही दोन ओळी. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना, अपंगांना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांनाही मिळतो. प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात त्याची समिती असते, १५१०० वर फोन करता येतो. तुमच्याकडे पैसे नाहीत म्हणून परत गेलेल्या बाईला एवढं सांगितलंत तर ती माझ्या पायरीवर रडत बसणार नाही.

येत्या मंगळवारी एका आजींची साक्ष आहे. त्यांचं वय सत्तरच्या पुढे आहे, कन्नड वाचता येत नाही. शपथपत्र गेल्या शुक्रवारी माझ्याकडे टाइप झालं, कन्नडमध्ये, नऊ परिच्छेद. सही घेऊन कारकून गेला. त्यातल्या चौथ्या परिच्छेदात १९७४ साल आहे. आजींना मी विचारलं तर म्हणाल्या, "सासूबाई वारल्या त्याच्या आदल्या वर्षी." त्या मंगळवारी साडेनऊच्या गाडीनं येणार आहेत. वकीलसाहेब, तुम्ही हे वाचत असाल तर कोर्टात जाण्याआधी दहा मिनिटं माझ्या दुकानात बसा. खुर्ची देते, पंखा लावते. ते नऊ परिच्छेद त्यांना मराठीत वाचून दाखवा, आणि चौहात्तर म्हणजे सासूबाईंच्या आदलं वर्ष हे त्यांना सांगा.

कळावे,
कोर्टाच्या रस्त्यावरची झेरॉक्सवाली अक्का